सात नंबरचा बिल्ला

एमिल ब्रेमर, त्याचा मुलगा हिल्मर, हिल्मरचा मुलगा गिल्बर्ट, आणि गिल्बर्टचा एकुलता एक लेलँड. पहिला माझा सासरा, दुसरा नवरा, तिसरा मुलगा, चौथा नातू. चौघांनाही मी मूठमाती दिली. पहिल्या तिघांना म्हातारपण, हृदय आणि कर्करोग यांनी नेले. त्यांच्याशी भांडत बसण्याची रीत आमच्या घरात नाही. चौथा सत्तावीस वर्षांचा होता. तो कसा गेला ते सांगण्याचे काम आता माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाचे नाही.

लॅनो नदीच्या दक्षिणेकडची ही जमीन एमिलच्या हाती आली तेव्हा तिच्यात खडक, सीडरची झुडपे आणि शेळ्या एवढेच होते. शेळ्यांवर घर चालेना, तेव्हा त्याने शहरातल्या माणसांना हरणांच्या हंगामात जमीन खुली केली. दर नोव्हेंबरात तीच माणसे येतात. ती थकली की त्यांची मुले येतात. आम्ही त्यांना पाहुणे म्हणतो आणि पाहुण्यांसारखेच वागायला लावतो.

आल्याबरोबर आधी घराच्या पायरीशी यायचे, टोपी काढायची, घरच्या बाईची विचारपूस करायची. फाटक जसे सापडले तसे सोडायचे; उघडे होते तर उघडे, बंद होते तर बंद. कुंपणाची तार ओलांडण्याआधी बंदूक रिकामी करायची, ती तारेखालून पलीकडे सरकवायची, मग माणसाने जायचे. टेकडीच्या माथ्यावर आभाळाला लागून उभ्या असलेल्या जनावरावर गोळी झाडायची नाही, कारण त्याच्या मागे काय आहे ते फक्त देवाला दिसते. जखमी हरीण शेजाऱ्याच्या हद्दीत दहा पावलांवर जाऊन पडले तरी तार ओलांडायची नाही. रस्त्याने वळसा घालून शेजाऱ्याच्या दारी जायचे आणि विचारायचे. अकरा वर्षे येणाऱ्या एका दंतवैद्याने एकदा बंद फाटक उघडे सोडले आणि माझ्या चाळीस शेळ्या हमरस्त्यावर गेल्या. त्याने पत्र लिहून माफी मागितली, बायकोला पाठवले, शेवटी माझी कवळी फुकट करून देतो असा निरोप धाडला. मी उलट निरोप दिला की दात अजून माझेच आहेत आणि फाटकही माझेच आहे. तो पुन्हा या जमिनीवर आला नाही.

या सगळ्या नियमांच्या वरचा नियम म्हणजे फळा. हरणे सोलण्याच्या शेडच्या भिंतीवर मेस्कीटच्या लाकडाचा एक फळा आहे. तापलेल्या सळईने एमिलने त्यावर आमच्या जमिनीचा नकाशा डागला आणि जिथे जिथे मचाण आहे तिथे एक खुंटी ठोकली. प्रत्येक शिकाऱ्याचा पितळेचा बिल्ला असतो, त्यावर आकडा असतो. ज्या मचाणावर जायचे त्याच्या खुंटीला बिल्ला अडकवून जायचे. एका मचाणावरची गोळी दुसऱ्यापर्यंत पोचू नये अशीच ती उभारलेली आहेत, त्यामुळे वर बसलेल्या माणसाला धोका नाही. धोका खाली उतरलेल्याला. म्हणून फळ्याच्या तळाशी एकच तांबडी खुंटी आहे. कुणाला रानात पायी फिरायचे असेल, जखमी जनावराचा माग काढायचा असेल, तर आधी फळ्यापाशी परत यायचे, आपला बिल्ला तांबड्या खुंटीला लावायचा, मगच झाडीत शिरायचे. आणि पायी निघणाऱ्याने आधी ती खुंटी पाहायची. तिथे दुसऱ्याचा बिल्ला असेल तर तो परत येईपर्यंत बंदूक भरायची नाही.

जो हा नियम मोडील त्याचा बिल्ला कोठाराच्या दारावर पालथा ठोकला जातो, आकडा लाकडाकडे. सर्वांसमोर ठोकायचा, आणि तो तिथून कधी काढायचा नाही. मी या घरात आले तेव्हा दारावर एकही नव्हता. परवापर्यंत पाच होते. चार पाहुण्यांचे, जे रागाने धूळ उडवत निघून गेले. पाचवा सात नंबरचा. तो एउसेबिओ आरेदोंदोचा.

एउसेबिओ आमच्याकडे गुरे राखायचा आणि हंगामात पाहुण्यांना मचाणांवर पोचवायचा. त्याच्याइतका माग काढणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. सन बासष्टच्या नोव्हेंबरात, माझ्या लग्नाला सात महिने झाले असताना, तो खालच्या झाडीत पायी उतरला आणि त्याचा बिल्ला मचाणाच्या खुंटीवरच राहिला. थोड्या वेळाने माझा नवरा हिल्मर फळा पाहून निघाला. तांबडी खुंटी रिकामी होती. त्याने हरणीवर झाडलेली गोळी हरणीला चाटून गेली आणि एउसेबिओच्या मानेत बसली. हिल्मर तेव्हा बावीस वर्षांचा होता.

शेडमध्ये त्या सकाळी एउसेबिओची बायको रेफुहिया एकटी होती; पाहुण्यांसाठी तोर्तिया भाजत होती. चोवीस वर्षांची, चौथा महिना लागलेला. बातमी आली तेव्हा शेरीफ यायला तास लागणार होता, आणि तो सगळा तास ती त्या फळ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. बिल्ला एका खुंटीवरून काढून दुसरीला लावायला एक श्वास पुरतो. लावला असता तर हिल्मर बेफिकीर ठरला असता, तुरुंगात गेला असता, आणि तिच्या नवऱ्याच्या नावाला डाग लागला नसता. शेरीफने तिला विचारले, बिल्ला कुठे होता. ती म्हणाली, "मचाणाच्या खुंटीवर. त्यानं हलवला नव्हता."

त्या रात्री हिल्मर घरी जेवला. त्यानंतरची माझी सगळी वर्षे, माझे मूल, माझे नातवंड, हे सारे त्या एका वाक्यावर उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी एमिलने सात नंबर दारावर पालथा ठोकला. खिळे मी धरले होते. रेफुहिया अंगणाच्या कडेला उभी राहून पाहत होती. तिने त्यानंतर आमच्या अंगणात पाऊल टाकले नाही. एमिलने तिला ओढ्याकाठचे घर कायमचे लिहून दिले आणि आपल्या मते तो विषय तिथे मिटला. तो मिटला नव्हता हे मला ठाऊक होते, कारण त्या सकाळी मी एक गोष्ट ऐकली होती. ती योग्य जागी सांगेन.

रेफुहियाच्या पोटातला मुलगा मोठा झाला, त्याचा मुलगा नीकांद्रो. लेलँडहून वर्षाने लहान. दोघे एकाच ओढ्यात पोहायला शिकले. नीकांद्रो आता आमची जमीन सांभाळतो, आणि एकोणीस नंबर त्याचा आहे.

मी कडक बाई आहे असे सगळा तालुका सांगतो आणि ते खरे आहे. परंतु लेलँडच्या बाबतीत मी दोनदा खोटी वागले. गेल्या हंगामात तो मचाणावरून उतरून माग काढायला गेला आणि त्याचा चार नंबरचा बिल्ला मचाणाच्याच खुंटीला राहिला. मी सहज शेडकडे गेले होते. मी बिल्ला उचलला, तांबड्या खुंटीला लावला आणि घरात येऊन बटाटे सोलत बसले. पंधरवड्याने पुन्हा तेच झाले आणि मी पुन्हा तेच केले. त्याला मी बोलले नाही असे नाही, बोलले. पण दारावर ठोकला नाही. दुसऱ्या कुणाचा असता तर संध्याकाळच्या आत ठोकला असता.

नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी संध्याकाळी पाहुणे कुणी नव्हते. नीकांद्रो ओसरीच्या पायरीवर बसला होता, लेलँड कठड्यावर बूट टेकून. रानडुकरांनी ओटचे शेत उलथून टाकले होते आणि मी नीकांद्रोला सांगितले की उद्या सकाळी जाऊन दोन-चार मार. त्याचे लग्न नाताळात ठरले होते.

"नीको, डुकरं मारणार आहेस की लग्नाला बोलावणार आहेस?" लेलँड म्हणाला.

"तुला बोलावलंय की. एक पुरे."

"ओमा, याचा बिल्ला काढून घे. तोंड फार सुटलंय याचं." आमच्या घरच्या जर्मनमध्ये आजी म्हणजे ओमा.

"वीस पावलांवरचं हरीण ज्याला दिसत नाही त्यानं बोलू नये."

"दिसलं होतं. दया आली."

"कुणाची, हरणाची की काडतुसाची?"

लेलँडची आई शार्लीन आतून हसली. मीही हसले. नंतर मी लेलँडला म्हटले की पहाटे घळीच्या मचाणावर जाणार आहेस तर फळा विसरू नकोस. दोनदा झाले, तिसऱ्यांदा चालणार नाही.

"फळा पाहुण्यांसाठी गं, ओमा," तो म्हणाला. "या जमिनीवर मी डोळे मिटून चालतो."

मी त्याला त्याच वेळी उभा करायला हवा होता. मी म्हणाले, "एमिलचा पणतू शोभतोस खरा." आणि हे मी कौतुकाने म्हणाले.

तो पहाटे पाचला गेला. चार नंबर घळीच्या मचाणाच्या खुंटीला लावून गेला. तेवढे त्याने नेमाने केले. सात वाजून गेल्यावर एक गोळी ऐकू आली. मी कॉफी चुलीवर ठेवली. जखमी जनावराला अर्धा तास पडू द्यायचे असते, मग फळ्यापाशी येऊन, बिल्ला हलवून, माग काढायचा असतो. लेलँड आला नाही. मचाणावरून उतरला तो थेट रक्ताच्या मागावर घळीतून खाली गेला, सीडरच्या दाटीत, जिथून ओटचे शेत फार लांब नाही.

आठ वाजता नीकांद्रो शेडपाशी आला. त्याने फळा पाहिला. चार नंबर मचाणावर, तांबडी खुंटी रिकामी. पायी जायचे म्हणून त्याने आपला एकोणीस तांबड्या खुंटीला लावला आणि तो निघाला. ओटच्या कडेला एक मोठी डुकरीण आडवी उभी होती. जनावर पूर्ण दिसत होते, साठ पावलांवर. मागे खालची झाडी होती. मचाण त्या दिशेला नव्हते, आणि झाडीत माणूस नाही असे फळा सांगत होता. त्याने गोळी झाडली. गोळी डुकरिणीच्या पोटाच्या सैल मांसातून निघून पुढे गेली.

नऊला दहा मिनिटे कमी असताना तो फाटकातून आत आला. धावत नव्हता. डोक्यावर टोपी नव्हती आणि हातात बंदूक नव्हती. नंतर कळले की तार ओलांडताना त्याने ती रिकामी करून कुंपणाला टांगली होती. त्याने फाटक आपल्यामागे लावले, पायरीशी आला आणि म्हणाला, "मिस ओटिली, लेलँड खाली होता. झाडीत. हरीण सोलायला बसला होता."

मी विचारले, जिवंत आहे का.

"नाही, मॅम."

शार्लीन माझ्यामागे दारात उभी होती. ती भिंतीला धरून खाली बसली.

मी शेरीफला फोन केला. तो म्हणाला, पाऊण तास. नीकांद्रोला मी सांगितले की जा, त्याच्यापाशी बस, गिधाडे उतरू देऊ नकोस. तो आला तसाच गेला. फळ्याचे एक अक्षरही त्याने काढले नाही. मग मी शेडकडे चालत गेले, कारण फळा पाहणे हे माझे काम होते.

शार्लीन कधी उठून मागोमाग आली ते मला कळले नाही. चार नंबर घळीच्या मचाणाच्या खुंटीवर होता. तांबड्या खुंटीवर एकटा एकोणीस. शार्लीनने दोन्ही खुंट्या पाहिल्या आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, "हलव."

मी तांबड्या खुंटीकडे पाहत उभी राहिले.

"गेल्या वर्षी हलवलास. मला ठाऊक आहे, ओमा. खिडकीतून पाहिलंय मी. तेव्हा लाज वाचवायला हलवलास, आता कशाला विचार करतेस? माझा मुलगा स्वतःच्या चुकीनं मेला असं लिहिणार ते? त्याचा बिल्ला दारावर ठोकणार तू?"

मी म्हणाले की नीकांद्रो सांगेल तो कुठे होता ते.

"सांगू दे. त्याचं कोण ऐकणार तुझ्यासमोर?"

हे खरे होते. या तालुक्यात ओटिली ब्रेमरने एक सांगितले आणि आरेदोंदोच्या पोराने दुसरे, तर शेरीफ कुणाचे लिहील हे शेरीफलाही विचारावे लागले नसते.

"आधी त्याचा काढ," ती म्हणाली. "मग आपला लाव. मग त्याचा वर लाव."

तिने ते किती नीट पाहिले होते. एकोणीस नंतर लागलेला; चार आधी लागला असे दाखवायचे तर तो एकोणीसच्या आत, लाकडाला टेकून हवा. गेल्या वर्षीचे खोटे एका हाताने झाले होते. या वेळचे दोन हातांनी करावे लागणार होते.

मी चार नंबर खुंटीवरून काढला. हे मी लपवणार नाही. तो माझ्या डाव्या हातात होता, थंड होता, आणि त्याच्या भोकाच्या कडेला लेलँडने लहानपणी खिळ्याने ओरखडलेले त्याच्या नावाचे पहिले अक्षर होते. उजवा हात मी एकोणीसकडे नेला. शेडच्या उघड्या बाजूने कोठाराचे दार दिसते. त्यावर पाच पालथी पितळे होती. उन्हाने चार काळवंडली होती, आणि पाचवे, एउसेबिओचे, सगळ्यांत जुने, सगळ्यांत काळे होते. जिथे मी उभी होते तिथेच रेफुहिया उभी होती, तासभर, पोटात मूल घेऊन, आणि तिने हात पुढे केला नव्हता.

मी चार नंबर परत मचाणाच्या खुंटीला लावला.

शार्लीन म्हणाली, "तुला तुझा नातू नको होता. तुला तुझा फळा हवा होता." तिला तसे म्हणण्याचा हक्क होता. ती घरात गेली आणि त्याच दिवशी गावात बहिणीकडे राहायला गेली. ती दफनाला आली, पण माझ्या शेजारी उभी राहिली नाही. अजून ती माझ्याशी बोललेली नाही.

शेरीफ टॉलिव्हर चांगला माणूस आहे. त्याच्या बापाने आमच्याकडे शिकार केली आहे. त्याने फळ्याचे फोटो काढले, टोपी हातात घेतली आणि विचारले, "मिस ओटिली, याला कुणी हात लावला का?"

"मी लावला," मी सांगितले. "चार नंबर काढला होता, तांबड्या खुंटीला लावायला. लावला नाही. होता तिथेच परत ठेवला."

तो लिहायचा थांबला. हे लिहायलाच हवे का, असे त्याने हळूच विचारले. मी म्हणाले की लिही, आणि हेही लिही की गेल्या हंगामात दोनदा मी तो हलवला होता, म्हणून त्याला वाटू लागले की हलवला नाही तरी चालते. त्याने लिहिले. नीकांद्रोवर गुन्हा दाखल झाला नाही.

झाडीतून लेलँडला वर आणले तेव्हा नीकांद्रोच्या अंगात शर्ट नव्हता. तो त्याने लेलँडच्या तोंडावर घातला होता. हरीण तिथेच पडले होते. मोठा नर होता, नीट मारलेला. फक्त बिल्ला हलवण्यासाठी त्याला अर्धा मैल परत यायचे नव्हते.

शनिवारी पाहुणे आले. मी कुणालाही येऊ नका म्हणून कळवले नव्हते. नऊ माणसे कोठारासमोर टोप्या काढून उभी राहिली, दहावा नीकांद्रो. त्यांना वाटले की मी प्रार्थना करणार. मी हातोडा मागवला.

मी त्यांना सांगितले की नियम मोडणाऱ्याचा बिल्ला या दारावर लागतो आणि तो कुणाचा नातू आहे हे दार पाहत नाही. त्याआधी या दारावरची एक चूक दुरुस्त करायची आहे. मग मी ती गोष्ट सांगितली जी सन बासष्टपासून मी कुणाला सांगितली नव्हती, हिल्मरलासुद्धा नाही. त्या सकाळी एउसेबिओ बिल्ला हलवायला शेडकडे वळला होता. मी ओसरीवर उभी होते. पाहुण्यांना गावात लवकर परतायचे होते, त्यांचे हरीण खाली झाडीत पडले होते, आणि एमिल पायरीवरून जर्मनमध्ये ओरडला, "बिल्ला राहू दे तिथंच! आधी हरीण आण, मग काय ती खुंटी कर!" पाहुण्यांना जर्मन कळत नव्हती. एउसेबिओला कळत होती. तो वळला आणि गेला. दुसऱ्या दिवशी ज्याने हुकूम दिला त्यानेच बिल्ला ठोकला, आणि ज्या सुनेने तो हुकूम ऐकला तिने खिळे धरले.

मी हातोड्याच्या मागच्या फाट्याने सात नंबर उपटला. खिळा गंजून लाकडाशी एकजीव झाला होता. एक्याऐंशीव्या वर्षी हाताला जोर लागत नाही. नीकांद्रो पुढे झाला तेव्हा मी त्याला नको म्हटले. सात नंबर निघाल्यावर त्याच भोकात मी चार नंबर लावला, आकडा लाकडाकडे. तीन घाव घातले. तिसरा माझ्या अंगठ्यावर बसला.

मग मी ओढ्याकाठच्या घराकडे चालत गेले.

त्या घराला लहानसे कुंपण आहे आणि तारेचे फाटक. दर नाताळात मी तिथे हरणाच्या मांसाचे सॉसेज आणि पेकानचा केक घेऊन जाते. फाटकाबाहेर उभी राहते. रेफुहिया बाहेर येते, हातातले घेते, आभार मानते. एकसष्ट वर्षांत तिने मला आत बोलावले नाही आणि मी आत जाण्याची अपेक्षा दाखवली नाही. त्या दिवशीही मी बाहेर थांबले. ती काठी टेकत आली. पंच्याऐंशी वर्षांची आहे, पण माझ्याहून ताठ चालते.

मी बिल्ला पुढे केला. "दोन्या रेफुहिया, हा तुमचा आहे."

तिने तो घेतला, उलटला, अंगठ्याने घासला. आकडा दिसेपर्यंत घासत राहिली.

"एमिलनं त्याला तसंच पाठवलं होतं," मी म्हणाले. "बिल्ला राहू दे म्हणाला होता. मी ओसरीवर होते. मी ऐकलं."

"मीही ऐकलं होतं."

मला वाटले की तिला नीट ऐकू आले नसावे.

"लहानपणापासून तुमची जर्मन ऐकतच वाढले मी, मिस ओटिली. शेडमध्ये तोर्तिया भाजत होते. म्हाताऱ्याचा आवाज काय, नदीपर्यंत जायचा."

"मग शेरीफला सांगितलं का नाहीत?"

"त्यानं मला बिल्ल्याचं विचारलं. मी बिल्ल्याचं सांगितलं." तिने माझ्याकडे पाहिले. "आवाजाचं सांगायचं काम तुमचं होतं."

ओढ्यावर पक्षी ओरडत होते. माझा अंगठा ठणकत होता.

"मंगळवारी नीको घरी आला," ती पुढे म्हणाली, "तेव्हा मी त्याचे कपडे बांधून ठेवले. म्हटलं, म्हातारी बिल्ला हलवील आणि तुला नेतील, निदान अंगावर धड असू दे. तो म्हणाला, मिस ओटिली नाही हलवणार. मी त्याला म्हटलं, तू खुळा आहेस."

"मी हातात घेतला होता."

"सांगितलं त्यानं. शेरीफनं त्याला सांगितलं." तिने काठी नीट टेकवली. "गाठोडं काल सोडलं मी."

आज सर्वांसमोर एमिलचे सांगितले आहे, असे मी म्हणाले. नीकांद्रो तिथे होता. आणि चार नंबर सातच्याच भोकात लावला आहे.

तिने मान हलवली. लेलँडचे नाव घेतले, त्यांच्या भाषेत मृताच्या नावापुढे जे लावतात ते लावून घेतले, आणि क्रूस काढला. मग बिल्ला ॲप्रनच्या खिशात टाकला आणि खिशावर हात ठेवला.

"फिटलं, ओटिली," ती म्हणाली. एकसष्ट वर्षांत तिने प्रथमच माझ्या नावाआधी काही लावले नाही. "आता नाताळात सॉसेज आणायचं कारण नाही."

ती वळली आणि काठी टेकत घरात गेली. मी आले तेव्हा फाटक बंद होते. बोलता बोलता माझ्या हाताने ते अर्धे ढकलले गेले होते. मी ते ओढून घेतले, आकडी नीट बसली का ते पाहिले, आणि परत निघाले.